दोघांनी खेळायचा गेम

ही घटना खरी आहे. अशा गोष्टींच्या सुरुवातीला सगळेच असं म्हणतात, त्यामुळे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण दुसरं काय म्हणू ते मला सुचत नाही.

ज्याच्यासोबत हे घडलं तो श्रीनाथ माझा मावसभाऊ. उज्जैनला माधव नगरात राहतो. चौतीस वर्षं त्याने एका कॉलेजच्या लायब्ररीत काढली. त्याला गोष्टी रचता येत नाहीत. "यांना कल्पनाशक्ती नाही, म्हणून तर मजेत आहेत," असं त्याची बायको अहल्या चारचौघांत म्हणायची आणि तो हसायचा.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरची एकवीस तारीख. संध्याकाळचे सव्वासहा. अहल्याला जाऊन दहा महिने झाले होते.

श्रीनाथ जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर तिचा लॅपटॉप.

घरात दुसरं कुणीही नव्हतं.

हा लॅपटॉप इंदूरच्या मधुराने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आईला दिलेला. अहल्याचे गुडघे गेले होते. टावर चौकापर्यंत जाणंही बंद झालं होतं. घरी बसून मालिका बघेल म्हणून दिला, तर बाईंना गेमचा नाद लागला. बंदुकांचे मोठे गेम तिला आवडत नसत. कुठल्यातरी लांबच्या देशात एकट्यादुकट्या माणसाने घरात बसून बनवलेले छोटे गेम ती शोधायची. एकात नुसतं डाकघर चालवायचं होतं. एकात एका मेलेल्या आजोबांची बाग पुन्हा उभी करायची होती. तो खेळताना अहल्या दोन दिवस रडत होती.

वर्षातून दोनतीनदा त्या ऑनलाइन दुकानात मोठा सेल लागतो. हिवाळ्यातला सेल आला की अहल्या दिवाळीसारखी तयारीला लागायची. औषध कंपनीची एक जुनी डायरी होती, तिच्यात टिपणं काढायची.

श्रीनाथ मागे खिडकीपाशी पेपर वाचत बसलेला असायचा.

चांगला गेम सापडला की ती टेबलाच्या कडेवर हातातली काचेची बांगडी दोनदा आपटायची.

टिक... टिक.

म्हणजे, बघा तरी, काय सापडलंय.

तो पेपरामागून "हं" म्हणायचा. बस, इतकंच.

त्याच्या आधीच्या डिसेंबरात तिला एक गेम सापडला. त्या संध्याकाळी बांगडी चारपाच वेळा वाजली.

"अहो, हा दोघांचा आहे. एकट्याने होतच नाही. जरा इकडे बसा ना."

"उद्या."

"तुमचा उद्या कोणत्या पंचांगात येतो हो?"

तो हसला. पेपराचं पान उलटलं.

जानेवारीत तिने आणखी दोनदा विचारलं. मग विचारणं सोडून दिलं. फेब्रुवारीत एका सकाळी तो दूध घेऊन परत आला, तर टेबलावर त्याचा चहा झाकून ठेवलेला होता आणि अहल्या खुर्चीत मान टाकून बसलेली होती. चहा अजून गरम होता.

दहा महिने त्याने लॅपटॉपला हात लावला नाही.

मग डिसेंबरात मधुराचा फोन आला. आईच्या नावावर सेलची मेल आलीय, ते खातं बंद करून टाकू का? श्रीनाथ म्हणाला, नको. थोडं थांबून म्हणाला, मला एक गेम घ्यायचाय. दोघांनी खेळायचा. संक्रांतीला तू येशील तेव्हा खेळू.

"बाबा, सच में?" मधुरा हसली. "माउस धरता येतो तुम्हाला?"

आईने कुठला गेम घेतला होता हे तिलाही माहीत नव्हतं. श्रीनाथने तर कधी मान वळवून बघितलंच नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की आपण निवडलेला गेम अहल्यानेही निवडला असता असा असावा. एवढं एक तरी तिच्या मनासारखं व्हावं.

म्हणून एकवीस तारखेला तो डायरी उघडून बसला.

अहल्याने लिहिलं होतं, पहिल्या पानावर जे दिसतं ते घेऊ नये, तिथे ओरडणारे बसलेले असतात. खाली खाली जावं. किंमत उतरली म्हणून घेऊ नये, पूर्ण किमतीलाही घेतला असता का ते स्वतःला विचारावं. कोणाला आवडला ते नंतर, रागावलेला माणूस काय म्हणतो ते आधी वाचावं, कारण तो नेमकं बोलतो. फुकट चाखायला मिळत असेल तर दुधीला नख लावून बघतो तसं दहा मिनिटं बघावं.

शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती. 'हे पुस्तकं असंच निवडतात.'

श्रीनाथने चष्मा काढला.

खरंच. लग्नानंतर फ्रीगंजमध्ये फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांपाशी तो तिला हेच शिकवायचा. वरची रास सोड. खालचं काढ. मधलं पान वाच. तो स्वतः विसरला होता. तिने चाळीस वर्षं लक्षात ठेवलं होतं.

तो शोधत राहिला. एकामागून एक चित्रं वर सरकत होती. डोळे दुखायला लागले. बाहेर अंधारून आलं. दिवा लावायला उठावं असं त्याच्या मनात आलं, आणि...

टिक... टिक.

तो थांबला.

पाल असेल. त्याने भिंतीकडे बघितलं. पाल नव्हती.

आवाज काचेचा होता. टेबलाच्या डाव्या कडेवरून आला होता.

अहल्याच्या काचेच्या बांगड्या तिच्याबरोबरच गेल्या होत्या. सोन्याच्या मधुराकडे होत्या. घरात एकही बांगडी नव्हती.

त्याने लॅपटॉप बंद केला. दिवा लावला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळी पुन्हा बसला. का बसलास, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, भीतीपेक्षा तो आवाज पुन्हा येणार नाही याचीच धास्ती जास्त वाटत होती.

बराच वेळ काहीच झालं नाही. चित्रं सरकत राहिली.

आणि मग...

टिक... टिक.

या वेळी त्याने हात आवरला. सरकून गेलेलं चित्र परत खाली आणलं.

काळा डोंगर. त्यावर दोन लहानशा आकृत्या. दोघींच्या कमरेला एकच दोर.

जेमतेम चाळीस लोकांनी त्यावर मत दिलं होतं. डायरीत सांगितल्याप्रमाणे त्याने आधी रागावलेला माणूस शोधला. त्याने लिहिलं होतं, एकट्याला यात काहीही करता येत नाही, दुसरा हलला नाही तर नुसतं बसून राहावं लागतं.

श्रीनाथने विकत घेण्याचं बटण शोधलं.

बटण नव्हतं.

तिथे लिहिलं होतं की हा गेम तुमच्याकडे आधीच आहे.

आदल्या वर्षीची चोवीस डिसेंबर. खेळलेला वेळ, अकरा मिनिटं.

त्याने गेम उघडला. खेळणाऱ्यांची नावं दिसली. पहिलं, अहल्या. दुसऱ्या नावापुढे तिने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'अहो'.

एक्केचाळीस वर्षांत उखाणा सोडला तर तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. दवाखान्यात फॉर्म भरतानाही नर्सला म्हणायची, वाचो ना, यहाँ लिखा है. इथेही तिने घेतलं नव्हतं. कुणी बघत नव्हतं, तरीही.

डोंगर दिसला. पहिल्याच पायरीवर एक आकृती बसली होती. थोड्या थोड्या वेळाने ती खाली बघून हात हलवत होती. खाली, जमिनीवर, दुसरी आकृती उभी होती. दोर सैल पडला होता.

अकरा मिनिटं ती अशीच बसली असणार. मागे पेपराची पानं उलटल्याचा आवाज ऐकत.

उजवीकडची बाणांची बटणं दुसऱ्या खेळाडूची होती. श्रीनाथने त्यातलं एक दाबलं. खालची आकृती चालू लागली. अडखळत, दोनदा घसरत, ती पहिलीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

आता पहिलीला हलवायला हवं होतं. तिची बटणं डावीकडे होती. त्याने डावा हात उचलला...

तो हात हवेतच राहिला.

डावीकडचं एक बटण खाली गेलं.

आणि वर आलं.

बसलेली आकृती उठली.

श्रीनाथ ओरडला नाही. पळालाही नाही. त्याच्या एवढंच लक्षात आलं की आपण नकळत खुर्ची उजवीकडे ओढून बसलोय, आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा सोडलीय.

ते दोघं चढले. तो फार हळू होता. ती पुढे जायची, थांबायची. तो पडला की दोर ताणला जायचा आणि तो लटकून राहायचा. ती हळूहळू वर ओढायची. कुठे चुकीच्या वाटेला लागला की कडेवर एकदाच वाजायचं. टिक. तो वळायचा.

"सॉरी," तो म्हणाला. तेवढंच बोलला.

असे चार दिवस गेले. चौथ्या दिवशी डोंगर संपला.

वर काही नव्हतं. एक खांब, आणि पलीकडे नुसता उजेड. पडद्यावर लिहून आलं की दोघांनी आपापली गाठ सोडावी. मग एक जण उजेडात जाईल आणि एक जण परत खाली उतरेल.

डावीकडचं बटण खाली गेलं. तिची गाठ सुटली.

आता फक्त त्याची राहिली होती.

श्रीनाथने बोट बटणावर ठेवलं. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग बोट काढून घेतलं.

"उद्या," तो म्हणाला.

हे सगळं त्याने मला या जूनमध्ये सांगितलं. मी मुद्दाम उज्जैनला गेलो होतो. मधुराने पाठवलं होतं. तिला एक गोष्ट खटकत होती. तिला आईच्या खात्यावर गेम किती वेळ खेळला गेला ते दिसतं. बाबा सांगतात की मी रोज तासभर बसतो. तिथे चार हजार तासांच्या वर आकडा दिसत होता.

चार हजार तास म्हणजे डिसेंबरपासून दिवस आणि रात्र. एक क्षणही न थांबता.

लॅपटॉप रोज बंद होतो. मी स्वतः बंद केला, त्याची वायर काढली आणि त्याच्या बॅटरीत जीव उरलेला नाही हेही बघितलं.

संध्याकाळी श्रीनाथने तो सुरू केला. डोंगराचं टोक. खांबापाशी एक आकृती उजेडाकडे तोंड करून उभी. थोड्या थोड्या वेळाने मान वळवून मागे बघत होती. त्याची आकृती तिच्याभोवती उगाच फिरत होती. जवळ जायची, थांबायची, पुन्हा फिरायची. तासभर हेच.

आणि मी ऐकलं.

माझे कान आता तितके चांगले नाहीत, म्हणून मी माझ्यावर फार विश्वास ठेवत नाही. पण मी ऐकलं.

टिक... टिक... टिक... टिक...

ते थांबत नव्हतं.

"पहिल्यांदा दोनदाच वाजायचं," श्रीनाथ म्हणाला. "होळीपासून हे असं."

आत एक पितळी घड्याळ होतं. मी उठून त्याचा लंबक हाताने थांबवला. आवाज चालूच राहिला.

मी भित्रा माणूस. कुणाला चार शब्द सुनावावेत असा माझा स्वभाव नाही. तरी म्हणालो, "श्रीनाथ, वहिनींना जायचंय रे."

"माहीत आहे."

"मग सोड ना गाठ."

तो पडद्याकडे बघत राहिला. तिची आकृती वळली. तिने हात हलवला.

"महिनाभर ती म्हणत होती, बसा. मी बसलो नाही," तो म्हणाला. "आता बसलोय, तर तू म्हणतोस उठ."

मी एवढंच विचारलं, "मग सोडणार कधी?"

श्रीनाथने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"उद्या," तो म्हणाला.

आणि आवाज थांबला.

एकदम. मधेच.

वहिनी होत्या तेव्हाही शेवटी शेवटी त्याने उद्या म्हटलं की त्या अशाच गप्प व्हायच्या.

आज पुन्हा डिसेंबर आहे. सेल लागलाय, असं मधुराने कळवलं. आकडा अजून वाढतोय, असंही. श्रीनाथला फोन करून गाठीबद्दल विचारावं असं सकाळपासून मनात आहे.

फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला.

तो काय उत्तर देईल ते मला माहीत आहे. आणि ते ऐकताना तिथे दुसरं कोण बसलेलं असेल, तेही.