अंगातले खनिज

लुफुबा गावाच्या प्रयोगशाळेत डॉ. श्रीनिवास वाकणकर काचेच्या बशीकडे एकाग्र चित्ताने पाहत होते. बशीत मोहरीएवढे करडे खडे होते. आफ्रिका खंडातील त्या देशात कोबाल्टच्या खाणींची धूळ लोकांच्या अन्नात, पाण्यात आणि अखेरीस काळजात शिरली होती. हे खडे त्याच लोकांच्या पोटातून निघाले होते.

"म्हणजे तुमचे धातुवेचक जंतू खरोखर काम करतात?" स्थानिक रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. चिलुफ्या मुताले यांनी विचारले.

"करतात, बाई. रक्तात विखुरलेला धातू ते आतड्याच्या अस्तरापाशी ओढून आणतात व त्याचे खडे बांधतात. खड्यात कोंडलेले विष निरुपद्रवी असते. तीन महिने भरले, की जुलाब द्यायचा. त्याआधी मात्र खडे सुटत नाहीत."

"आणि मध्येच जंतू मेले तर?"

"खडे विरघळतील. सारे विष पुन्हा रक्तात!"

वाळवलेले मासे विकणारी बाना चोला सर्वांआधी बरी झाली. तिकडे स्त्रीला पहिल्या अपत्याच्या नावाने हाक मारतात. बाना चोला म्हणजे चोलाची आई. चार पावलांत धापा टाकणारी ती बाई आता डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठू लागली. खाणींची धूळ चालूच होती, म्हणून तिने दुसऱ्यांदा औषध घेतले.

गाव खाणपट्ट्यात असल्याने प्रयोगाचा अहवाल खाण मंत्रालयाच्या नमुन्यातच भरावा लागे. त्यात एक रकाना होता : प्रत, म्हणजे शेकडा किती धातू. वाकणकरांनी खड्यांची प्रत अभिमानाने लिहिली : चाळीस. त्या सज्जनाच्या हातून घडलेली चूक ती एवढीच.

महिन्याभरात राजधानीच्या रस्त्यावरील खनिजदर्शक कमानीखालून मालमोटारींबरोबर माणसांनाही जाण्याची सक्ती झाली.

राजधानीत राहणाऱ्या लेकीचे, चोलाचे, बाळंतपण चार दिवसांवर आले होते. तिचे पहिले मूल जन्मताच दगावले होते, म्हणून बाना चोला राजधानीस निघाली. दोन्ही डॉक्टर तिला पोहोचवायला आले होते. ती कमानीखाली जाताच भोंगा वाजला.

"पोटात काय आहे, आई?" खाण-निरीक्षक कापेम्बा याने विचारले.

"मक्याचा घाटा आणि मासे. तुझ्या पोटात काय काय गेलंय, ते विचारू का मी?"

रांगेतले लोक हसले. कापेम्बाने शांतपणे नियम वाचला : शेकडा दोनहून अधिक प्रतीचा पदार्थ म्हणजे खनिज; खनिज राष्ट्राचे; राष्ट्राने ते भाडेपट्ट्याने खाण कंपनीस दिलेले; परवान्याविना नेणे ही चोरी.

"अहो, हे माणसाचे पोट आहे!" वाकणकर ओरडले.

"पोटाला आमची हरकत नाही, साहेब. पोट खुशाल जाऊ दे."

कंपनीचा सुटाबुटातला प्रतिनिधी मधाळ स्वरात म्हणाला, "जुलाबापर्यंत दोन महिने यांची राहण्याची व्यवस्था आम्ही विकासनिधीतून करू." चिखलात लोळणारे जनावरही असे बोलणार नाही, असे वाकणकरांना वाटले.

तेवढ्यात औषध घ्यायला नकार दिलेला एक म्हातारा, पाय सुजलेला, ओठ निळे पडलेला, धापा टाकीत कमानीखालून गेला. भोंगा वाजला नाही.

"याच्या अंगात धातू नाही काय?" मुतालेबाईंनी विचारले.

"असेल की," कापेम्बा म्हणाला. "पण सगळ्या शरीरात विखुरलेला. प्रत भरत नाही, म्हणून हा नागरिक."

बाना चोला म्हाताऱ्याकडे पाहत राहिली. मग ती मुतालेबाईंकडे वळली.

"जंतू मारायची गोळी तुमच्याकडे असते ना, डॉक्टर?"

"बाना चोला, तुमचे हृदय ते सहन करणार नाही."

"नातवंड हातात घेईपर्यंत तरी चालेल?"

मुतालेबाईंनी मान खाली घातली. "बहुधा चालेल."

"मग द्या."

तिसऱ्या दिवशी ती परत आली. दर चार पावलांना थांबत, निळ्या ओठांनी, ती कमानीखालून गेली. भोंगा गप्प राहिला. कापेम्बाने अदबीने टोपी काढली व अडसर उचलला.

दोघे डॉक्टर रुग्णालयाकडे परतले. दारात औषध घेतलेली सतरा माणसे उभी होती. सगळी ठणठणीत होती, आणि सगळ्यांना तीच गोळी हवी होती.