फुकट आहे, पण कुणासाठी?

जालन्याच्या दुकानात राजनंदिनी कीबोर्ड परत करायला तावातावाने आली होती. "नवा घेतला तरी तेच! पासवर्ड टाकून राह्यले, अन् एक अक्षर उमटंना."

शेजारचा तरुण गालातल्या गालात हसला. "लिनक्स हाय का? त्यात पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी असती ना, तिच्यात पासवर्ड दिसतच न्हाई. टाकायचा अन् बिनधास्त एंटर दाबायचं."

राजनंदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीचा चांगला कीबोर्ड तिने भंगारात देऊन टाकला होता! तरी त्या हसऱ्या डोळ्यांकडे तिने पुन्हा एकदा पाहिलंच…

तो अंगद, परतूरला संगणक दुरुस्त करणारा. आणि ही आष्टीच्या वाचनालयात मुलींचा संगणकवर्ग चालवणारी. वर्गातल्या दहा जुन्या मशिनींवर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्सच तेवढं चालायचं. "सोमवारपर्यंत पोरींना साधा अर्ज टाइप करणं जमलं न्हाई, तर वर्ग बंद," असं अध्यक्ष पुष्पाबाईंनी बजावलं होतं.

तिने बोलावलं म्हणून रविवारी अंगद वाचनालयात आला.

"शिकवतो. पण हे सगळ्यांसाठी न्हाई बरं. डोकं लावावं लागतं. सोपं केलं की मजाच जाते."

"मजा तुमची. मंग आमच्या पोरींनी काय करावं? फुकट म्हणता, अन् दाराला एवढं मोठं कुलूप!"

"लोकांच्या मागं धावलं की… बिघडतं ते."

"धावू नका. दोन पावलं तर या!"

अंगदने पहिली मशीन पुढे ओढली. इतका मोकळा माणूस असं अवघड काय धरून बसला असेल? राजनंदिनीला राहून राहून नवल वाटत होतं. तो मात्र संध्याकाळपर्यंत मशिनींपुढून हलला नाही. प्रत्येक पडद्यावर त्याने काळ्या खिडकीऐवजी दाबायला मोठाली चित्रं मांडली, खाली मराठी नावं घातली.

सोमवारी मुलींनी पटापट अर्ज टाइप केले. पुष्पाबाई स्वतः चष्मा लावून बसल्या, एकेक बोट आपटत आपलं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "चालू द्या वर्ग. मलाबी एक जागा ठेवा."

सगळ्या गेल्या. अंगद उगाच वायरी गुंडाळत रेंगाळला.

"तुम्ही तर सोपं करणार नव्हते ना?" तिने छेडलं. "मंग कुणासाठी केलं?"

"पोरींसाठी…" त्याने वर पाहिलं. "न्हाई, खोटं कशाला? तुमच्यासाठी. तुम्ही मला आवडता."

राजनंदिनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आनंद काही केल्या लपेना.

"येत्या रविवारी घरी या," ती हळूच म्हणाली. "बाबा असतेत."