छातीपर्यंतचा शेजारी

राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर, वऱ्हाडी कार्टून तयार व्हायचं. घरगुती, विनोदी मालिका. तिच्यातल्या शेजाऱ्याला दर भागात दोनच वाक्यं. भिंतीवरून डोकावायचं, खवचट बोलायचं, संपलं. मालिकेची चित्रं काढणारी साधना त्याला छातीपर्यंतच काढायची. जे दिसत नाही ते काढायचं नाही, हा त्या कामाचा रिवाज.

आवाज हिवरखेडच्या शालिकरामकाकांचा. साधनाच्या नजरेतून काही सुटत नसे. दिग्दर्शक किशोर किती चहा ढोसतो आणि त्यातले किती दुसऱ्याच्या नावावर, हेही तिला ठाऊक. पण काकांना जिना चढताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती यायची तेव्हा ते काचेमागं माईकपुढं बसलेलेच असत. निघायची तेव्हाही.

एक दिवस चॅनलनं कळवलं, हा शेजारी नुसताच डोकावतो, काढून टाका.

"याले फाटकाबाहेर आण," किशोर म्हणाला. "जमलं तर ठीक, नाही तर म्हाताऱ्याले नारळ."

साधनानं काचेवर टकटक केली. "काका, चार पावलं टाकून दाखवा ना. तुमचीच ढब देतो त्याले."

काकांनी दोन्ही हात टेबलावर दाबून धरले.

"काहून, पाय दुखून राहिले का?"

"तूच काढ, पोरी," ते हळूच म्हणाले. "जशे जमतीन तशे. मी निभावून घेईन."

तिनं घाईघाईत पाय काढले. पायजमा, टाचा, बोटं, चपला. शेजारी फाटकाबाहेर पडून पानठेल्यापर्यंत गेला. भाग टीव्हीवर लागला. चॅनल खूश.

सोमवारी काचेमागची खुर्ची रिकामी होती.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश.

"राजकमल चौकापर्यंत फिरून आलो!" दारात काका. चेहरा लग्नघरातल्यासारखा. "सरळ रस्त्यानं मस्त जमते. वळलं का तोल जाते."

त्यांनी चपला काढल्या. साधनानं पावलांकडं पाहिलं. दोन्ही पावलांचे अंगठे त्यांच्या उजव्या बाजूला.

तिनं फाइल उघडली. एकच पाय काढला होता, डावा. दुसऱ्या जागी त्याचीच कॉपी. बाजूनं दिसणाऱ्या चालीत कोणाला कळणार?

"काका, मी दुरुस्त करतो..."

"राहू दे वं. आता लोकायनं पायलं." ते हसले. "पुढच्या भागात तेवढी पाठ काढून दे."

मग ते निघाले. तिच्याकडं तोंड ठेवूनच, पाठ न फिरवता, एकेक पायरी उतरत.