डाव्या सीटवरची बाई

ही गोष्ट ऐकीव नाही. मी त्या गाडीत बसलेय.

साल १९३६. वैशाख महिना. गाव सोलापूर. आणि यातलं काहीही रात्री घडलं नाही... सगळं भर दुपारी घडलं.

माझे वडील विरुपाक्ष वकील. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, आईला अव्वा. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियरकडून आप्पांनी गाडी घेतली होती. लाल, बुटकी, दोनच माणसांची. लोक तिला शर्यतीची गाडी म्हणायचे. आप्पा मात्र तिच्यातून रोज कोर्टात जायचे, मंडईत जायचे, अधूनमधून मंगळवेढ्याच्या शेतावर जायचे.

तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसायचं. अव्वाचे गुडघे हनुवटीला लागायचे. भाजी असो की जोंधळ्याचं पोतं, सगळं तिच्या पायांत. रस्त्यात शेळी आडवी आली की शेळीचं तोंड आणि आप्पांचं तोंड एका उंचीवर. अव्वा कुरकुरायची, पण पदर डोक्याला घट्ट गुंडाळून हौसेनं बसायची.

एका दुपारी आप्पा शेतावरून एकटेच आले. जेवले नाहीत.

"ऊन लागलं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते सुरू झालं.

आधी आवाज आला.

दुपारी सगळे आडवे झालेले. गाडी अंगणात उभी. आणि बाहेरून...

कर्र...

सीटची स्प्रिंग. कुणी बसल्यावर वाजते तशी.

आप्पा उठून बघून आले. "मांजर असेल."

आमच्या घरात मांजर नव्हतं.

मग कासीम मिस्त्री चाक बदलायला आला. आप्पा बाजूलाच उभे होते.

"साहेब, बाईंना जरा उतरायला सांगा. गाडी उचलायची हाय."

"कोण बाई?"

कासीमनं मान वर केली. बघत राहिला.

"आत्ता हितंच बसल्या व्हत्या की..."

चार दिवसांनी मंडईतली केराबाई अव्वाला म्हणाली, "वैनी, काल वकीलसाहेबांच्या गाडीत बसून गेला. मी हाक मारली, तुमी बघितलंबी न्हाय."

अव्वा आदल्या दिवशी घराबाहेर पडलीच नव्हती.

 त्या दिवसापासून आप्पा गाडी घेऊन निघाले की ती दारात येऊन उभी राहायची.

मग माझी पाळी आली. मी सहा वर्षांची होते. दात दुखत होता म्हणून आप्पा मला डॉक्टरांकडे घेऊन निघाले. डावीकडचं दार उघडून मी आत बसले.

सीट रोजच्यापेक्षा मऊ होती...

आणि कोमट.

वास येत होता. मेंढराच्या लोकरीचा, जुन्या घोंगडीचा.

थोड्या वेळानं माझ्या पाठीला काहीतरी लागलं. मागून कुणीतरी ढोसलं. हलकंच. थोडं थांबून परत एकदा.

मला भीती वाटली नाही. मी मागे वळूनही बघितलं नाही.

घरी आल्यावर मी अव्वाला सांगितलं, "मी बाईच्या मांडीवर बसले होते."

"कुठल्या बाईच्या?"

"गाडीतल्या."

अव्वानं आप्पांकडे बघितलं. "अहो, कोण आहे ती?"

आप्पांनी मान खाली घातली. "मला विचारू नकोस."

"कुणी नाही म्हणा. एवढंच म्हणा. मी मानेन."

आप्पा तेवढंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अव्वा मला घेऊन अक्कलकोटला माहेरी गेली. चार महिन्यांनी परतलो तेव्हा अंगणात गाडी नव्हती. आप्पांनी कासीमकडून ती सुटी करून मोडीत काढली होती. अव्वा आप्पांना वाढायची, त्यांचे कपडे धुवायची. कामापलीकडे एक शब्द बोलली नाही. सोळा वर्षं.

घर मी मोडलं, असं मला तेव्हापासून वाटतं.

१९५२ साली मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. कळा सुरू झाल्या, शेजाऱ्यांची मोटार आली. आप्पांनी धावत जाऊन दार उघडलं.

"बस पोरी. जागा आहे. बस."

त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात एकटेच आले. भिंतीकडे बघत बोलले.

ऊन लागलं म्हणाले होते त्या दुपारी मंगळवेढ्याच्या रस्त्यावर एका धनगरानं त्यांची गाडी अडवली होती. बिरप्पा त्याचं नाव. त्याची बायको मायाक्का बाभळीखाली बसलेली. बाळंतपणात दोन दिवस अडली होती.

"साहेब, मी पळत येतो मागनं," बिरप्पा म्हणाला. "हिला तेवढी दवाखान्यात न्या."

आप्पा म्हणाले, "जागा नाही."

डावीकडची सीट मोकळी होती. तिच्यावर एक कागदसुद्धा नव्हता.

"कातडं नवीन घातलं होतं, पोरी," आप्पा म्हणाले. "डाग पडतील म्हणून..."

 मायाक्का नुसती त्या मोकळ्या सीटकडे बघत होती.

तीन दिवसांनी आप्पा परत तिकडे गेले. बाभळीजवळ ताजी माती होती. वर दगड रचलेले.

मी ऐकत होते, आणि माझी पाठ गार पडली. मागून ढोसणारं काय होतं, ते मला कळलं. गेले कित्येक महिने माझ्याच पोटात तेच चाललं होतं.

"तुम्हाला ती दिसायची?" मी विचारलं.

"सगळ्यांना दिसली. मला एकदाही नाही."

"मग अव्वाला का नाही सांगितलं?"



"तिला वाटतंय मी बाहेर बाई ठेवली होती. वाटू दे. खरं काय ते सांगायला तोंड नाही मला."

मी कुणाला सांगणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं.

त्याच वर्षी आप्पा गेले. अव्वा त्यांच्यामागे बरीच वर्षं जगली. शेवटच्या आजारात एकदा मी तिचे पाय चेपत होते. ती डोळे मिटूनच म्हणाली, "तू बघितली होतीस ना तिला? दिसायला कशी होती गं?"

आप्पा कधीच गेले होते. वचनाला आता काही अर्थ नव्हता. पण वडिलांनी काय केलं, ते आईसमोर उच्चारायची मला लाज वाटली.

"आठवत नाही," मी म्हणाले.

अव्वानं मान हलवली. "चांगलीच असणार," म्हणाली, आणि कुशीवर वळली.

आठवड्यानं ती गेली.

आता हे सगळं मी तुम्हाला सांगितलंय. सांगायचं तिला होतं.