विश्वासरावांचा ‘येतो’

बसा हो, महांतेश. लाईट गेली की लवकर येत नाही इथं, आणि आमचा जिना दिवसासुद्धा माणसाला पाडतो. कावेरी आत कॉफी टाकतेय. कंदील मध्ये घेतो, म्हणजे तुम्हाला मी दिसेन आणि मला तुम्ही.

तर मंडळाच्या अंकासाठी तुम्हाला विश्वासराव लाडांवर लिहायचंय. विमानवाले विश्वासराव, माझे सासरे. तुमचा प्रश्न एकच, ते कुठं गेले याच्या तीन गोष्टी सांगतात, त्यांतली खरी कुठली? सगळे हेच विचारतात. मी निपाणीचा, तुम्ही चिकोडीचे, म्हणून तुम्हाला जरा जास्त सांगतो. पण जे जास्त सांगेन ते छापायचं नाही. आणि आवाज हळू ठेवा, कावेरीला यातलं काही ठाऊक नाही.

मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते गेले तेव्हा कावेरी पाळण्यात होती आणि मी निपाणीत शेंबूड पुसत होतो. त्या काळी बेंगळुरात विमानवाल्यांचं घर विचारलं की जटकावाला, म्हणजे आपला टांगेवाला, दारात आणून सोडायचा, म्हणे. कराचीपर्यंत एकट्यानं विमान नेलेला माणूस. लालबागेवरून खाली येऊन टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला, असं आमचे पिराजीमामा सांगतात. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. टोपीचं काही सांगता येत नाही, मामांना मीठमसाला लावायची सवय आहे. पण माणसं जमायची हे खरं.

छप्पन साली एका दुपारी ते मंगळूरला औषधाची पेटी पोचवायला निघाले. दिवेलागणीच्या सुमाराला वायरलेसवर एक शब्द आला आणि मग काही नाही. विमान नाही, पेटी नाही, चपलेचा अंगठासुद्धा सापडला नाही.

तो एक शब्द, तिथंच सगळं घोडं पेंड खातं. वायरलेसवर बसलेला माणूस तमिळ. त्याला ऐकू आलं, ‘ए टू’. झालं! नकाशावर चौकोन पाडलेले असतात म्हणे, आणि ए टूचा चौकोन पडला समुद्रात. नावा गेल्या, कोळी गेले, सगळा किनारा ढवळून काढला. शेवटी कुणाला तरी सुचलं की बायकोलाही विचारावं. आत्ती म्हणाल्या, “अहो, येतो म्हणाले असतील ते. निघताना माणूस येतोच म्हणतो की.”

आमच्याकडं सासूला आत्ती आणि सासऱ्याला मामा म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. जमनाबाई त्यांचं नाव. तोवर पेपरात समुद्र छापून आला होता, आणि एकदा छापलेलं कोण खोडतंय?

पिराजीमामा म्हणायचे, येतो म्हणजे परत येतो. भावोजी अर्ध्यातून माघारी फिरले, म्हणजे विमान घाटातल्या जंगलात आहे. शेजारचे आप्पाजी म्हणायचे, छट्, येतो म्हणजे निरोप. ठरवून गेले ते, गोव्यात उतरले, पोर्तुगीजांनी आत टाकलं, सुटल्यावर तिथंच दुसरा संसार थाटला. आणि हे सगळं कुठं बोलायचे? बसवनगुडीत आत्तींच्याच घरात, रविवारी सकाळी, त्यांच्याच हातची इडली खात! एकदा मामा रागानं ताट तसंच टाकून उठले. आत्तींनी दोघांच्या पेल्यात शांतपणे आणखी कॉफी ओतली आणि म्हणाल्या, “भांडा तुम्ही. मी ह्यांना ‘या’ म्हटलंय, ते येतील.”

आम्ही त्याला म्हातारीचा हट्ट म्हणायचो.

चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही हा फ्लॅट घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या चुलीवर दूध उतू घालवायचं होतं, आणि कावेरीनं मला बजावलं होतं, आईला घेतल्याशिवाय दारात पाय ठेवू नका. महिनाभर आत्ती एकच सांगत होत्या, “ते आले आणि कुलूप बघितलं तर?” आता याला काय उत्तर द्यायचं? यशवंतपूरला आमचा पंपांचा कारखाना, पाळी सुटल्यावर मी तसाच बस पकडून बसवनगुडीला गेलो. मनात म्हटलं, आज गोड बोलून नाही आल्या तर उचलून रिक्षात घालायच्या.

तर काय, बोचकं बांधून तयार! स्वतः गच्चीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेल्या. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, त्या त्यांनी कधी उतरवल्याच नाहीत.

“येते मी, जावईबापू,” म्हणाल्या. “पण स्वल्प थांबा. ह्यांना सांगायचं राहिलंय.”

“काय सांगायचंय?”

त्यांनी वर बोट केलं. “रोज दिवेलागणीला येतात. घरावरून फिरतात, आवाज बंद होतो, जिना चढून दाराशी येतात आणि तिथूनच येतो म्हणतात. मी या म्हणते. की परत फेरी.”

मला हसूच आलं. म्हटलं, “आत्ती, बेंगळुरात विमानं काय कमी आहेत? विमानतळ आहे गावात.”

“विमानतळावरचं विमान जिना चढतं काय हो?” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचे डोळे भरले. “दमलेत ते. इतकी वर्षं झाली, माझ्या एका शब्दावर फिरतायत. मीच या म्हटलं ना? मग जा पण मीच म्हणायला पाहिजे. पण जीभच वळत नाही. म्हणून तुमची वाट बघत होते. कुणी जवळ असलं तर म्हणेन म्हणते.”

हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्यात जाणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही आणि दारातला माणूस ‘जा’ म्हणत नाही. आत्ती तर दुधावरच्या मांजरालासुद्धा “ये हं आता” म्हणून हाकलायच्या. त्या बाईला आपल्या नवऱ्याला जा म्हणायचं होतं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

आम्ही वर गेलो. गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या, त्यांचा उग्र वास नाकात बसत होता. धुकं उतरत होतं. समोरच्या घरातल्या बाईनं तुळशीपुढं दिवा लावला आणि तेवढ्यात लाईट गेली. एक एक करत सगळी गल्ली विझली. कुठून तरी देवळाची घंटा ऐकू येत होती, ती पण थांबली.

मग आवाज आला.

महांतेश, मी जन्मभर मोटारी उघडल्या आणि बसवल्या. कानानं सांगतो, कुठली बेअरिंग गेलीय. हा पेट्रोलचा आवाज होता, जुन्या, लहान इंजिनाचा. चार ठोक्यांतला एक गळत होता. विमानतळावरची विमानं असला आवाज करत नाहीत. तो आवाज घराभोवती फिरला, मारुतीच्या देवळाकडं गेला, परत आला. मी मान वर करून बघत होतो. धुक्यात दिवा नव्हता, सावली नव्हती. मिरच्यांच्या वासात जळक्या तेलाचा वास मिसळला. मी आत्तींकडं बघितलं तर त्यांनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. मला भीती वाटली ती तेव्हा.

आवाज खोकला आणि बंद पडला.

बाहेरच्या जिन्यावर पावलं वाजायला लागली. घाई नाही काही. कामावरून आलेला माणूस चढतो तशी, मध्ये टेकत. मी जिन्याचं खालचं दार लावून आलो होतो, कडी घालून. पावलं गच्चीच्या दारामागं थांबली. दार अर्धवट उघडं होतं आणि पलीकडं अंधार.

“जमना…” आवाज अगदी साधा होता. थकलेला. “येतो…”

आत्ती काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. माझा हात धरला, तो इतका घट्ट की बांगड्या रुतल्या. मग म्हणाल्या, “ऐका. औषध पोचलं बरं का. दुसऱ्या विमानानं पोचवलं, माणसं वाचली. पोरगी मोठी झाली. जावई चांगला आहे, तोंडाचा फटकळ आहे तेवढाच. मी राहीन. तुम्ही… तुम्ही जा आता. जा…”

चाळीस वर्षं अडकलेला शब्द तो. म्हटला त्या माउलीनं! मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू.

दारापलीकडून एक उसासा ऐकू आला. बरं वाटल्यासारखा. आणि आता सगळं संपत आलेलं असताना, निघणारा कुठलाही मराठी माणूस जे म्हणेल तेच ते म्हणाले.

“सरी, बरं… येतो मग.”

आणि मी म्हटलं, “या, मामा.”

काय सांगू तुम्हाला! दारात वडीलधारा माणूस येतो म्हणतोय, आणि मी जावई. तोंडाला वळणच ते. म्हटल्यावर कळलं काय म्हटलं ते. डोक्यावर धुक्यात इंजिन पुन्हा सुरू झालं, तोच एक ठोका गाळत, आणि दक्षिणेकडं निघून गेलं.

वाटलं, आत्ती आता मला गच्चीवरून ढकलतील. त्या मटकन मिरच्यांत बसल्या. आधी रडल्या, मग हसायला लागल्या, हसता हसता पुन्हा रडल्या. “काय केलंत हो, जावईबापू… मी एवढा जीव मुठीत धरून सोडवलं, आणि तुम्ही पाहुणचार केलात!” मग पदरानं तोंड पुसून एकदम गंभीर झाल्या. “तुमचा दोष नाही. पण आता बोलावणं तुमचं. तुमच्या दारी येतील. तेव्हा जा म्हणायचं काम तुमचं, माझं संपलं. आणि घरातलं दुसरं कुणी या म्हणायच्या आत म्हणायचं. नाही तर पुन्हा सगळं पहिल्यापासून…”

दुसऱ्या दिवशी इथं दूध उतू गेलं, त्यांनी कौतुकानं बघितलं. दोन वर्षं राहिल्या आमच्यात. एकदाही कान टवकारून बसल्या नाहीत, दिवेलागणीला खुशाल टीव्ही लावायच्या. झोपेतच गेल्या, कुंकू लावूनच गेल्या. बसवनगुडीच्या घरात भाडेकरू आहेत. त्यांना आडून आडून विचारलं, रात्री-अपरात्री आवाज वगैरे येतो का? म्हणाले, छे, घर एकदम शांत आहे. मला वाटलं, सुटलो बाबा.

गेल्या दिवाळीनंतर आवाज इथं आला.

आता म्हणाल, जे. पी. नगरचा पत्ता त्यांना कुणी दिला? ते मला विचारू नका. अधूनमधून येतो. वरून फिरतो, पाण्याच्या टाकीकडं जातो. पूर्वी वाटायचं शोधतोय. आता फेऱ्या लहान झाल्यात. जिन्यावर अजून पाऊल वाजलेलं नाही. म्हणून मी रोज दिवेलागणीला या खुर्चीत दाराशी तोंड करून बसतो. कावेरी म्हणते, तुमचा वॉचमन झालाय. होऊ दे. तो एक शब्द मी जिभेच्या टोकावर ठेवलाय. एवढं एकच काम आहे, आणि मी ते चुकवणार नाही.

कावेरीला का सांगत नाही? तिनं बापाचा आवाज जन्मात ऐकला नाही हो. लहानपणी पोरं चिडवायची, तुझा बाप गोव्याला पळाला म्हणून. तिला कळलं की ते दाराशी येणार आहेत, तर ती जा म्हणेल? तुम्हीच सांगा. मी तिच्या जागी असतो तर मी म्हटलं नसतं. आणि तो माणूस आणखी चाळीस वर्षं अंधारात फिरत राहील, दमलेला, कुणाच्या तरी मायेपायी.

म्हणून म्हणतो, तुम्ही लिहा समुद्र, लिहा घाट, लिहा गोवा, काहीही लिहा. कुठं पडले ते मला माहीत नाही. कुठं अडकलेत तेवढं माहीत आहे. आणि हो, निघताना रागावू नका, मी तुम्हाला दारापर्यंत सोडीन पण या म्हणणार नाही. तुम्ही पण येतो म्हणू नका. नुसती मान हलवा.

थांबा… ऐकलंत? नाही, मोटारसायकल असेल कुणाची.

नाही. एक ठोका गळतोय.

बोलू नका. टाकीवरून आला… खोकला बघा… बंद पडला. आता जिना. मी दाराकडंच बघतोय. तुम्ही हलू नका, मी तयार आहे. पावलं कुठायत? समोरच्या जिन्यावर तर काहीच… अरे देवा, स्वयंपाकघरामागं पण एक जिना आहे, लोखंडी, कामवालीचा…

“अय्या, कॉफी न घेताच निघालात, तेही मागच्या जिन्यानं?” आतून कावेरी म्हणतेय. हसतेय ती. “आणि आवाज किती बसलाय तुमचा! बरं, या हं. या परत!”

महांतेश, तुम्ही तर अजून तोंडही उघडलेलं नाही.