हरवलेला स्क्रू आणि चारचा फोन

फोन वाजला तेव्हा चार वाजायला दोन मिनिटं कमी होती आणि मोजपट्टी साडेतीनपासून त्याच्यासमोर ठाण मांडून बसली होती.

मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दिसेल ते मोजत सुटायची सवय, म्हणून बाबांनी ठेवलेलं. जिन्याच्या पायऱ्या, बसच्या खिडक्या, आईच्या स्वेटरची बटणं, तिच्या तावडीतून काही सुटत नसे. बाबा मालवाहू बोटीवर फिटर होते. बोटीवरून घरी बोलायची त्यांची पाळी आठवड्यातून एकदाच यायची, रविवारी चारच्या आसपास, दहा मिनिटं. आपण उलट फोन लावावा म्हटलं, तर तशी सोयच नव्हती.

"कशी आहेस?" बाबांनी विचारलं.

"मजेत," ती म्हणाली. दर वेळी ती हेच म्हणायची.

"बरं, नीट ऐक. कंपनी म्हणतेय, आणखी सहा महिने थांबा. थांबू की परत येऊ? पुढच्या रविवारी संध्याकाळी सही करायची आहे. आई म्हणते थांबा, पोरगी समजूतदार आहे. पण मला तुझ्या तोंडून..."

आणि वीज गेली. विजेबरोबर फोनही गेला, कारण तो चार्जरच्या वायरीवरच जगत होता.

आता हा फोन असा का झाला, ते सांगायलाच हवं. आई सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला परगावी गेली होती आणि सुट्टीपुरती मोजपट्टीची रवानगी मामाकडे झाली होती. मामा एकटा राहायचा. स्वभावाने मऊ, पण अंगात एक खोड. जगातली कुठलीही वस्तू आपण घरच्या घरी दुरुस्त करू शकतो, असा त्याचा ठाम समज होता. भाचीच्या जुन्या फोनची बॅटरी लवकर उतरते म्हटल्यावर पठ्ठ्याने एक व्हिडिओ पाहिला, स्वस्तातली बॅटरी मागवली, केस वाळवायच्या यंत्राने फोनची पाठ गरम केली आणि उघडला की फोन! मोजपट्टीने निघालेले स्क्रू कागदावर ओळीने मांडले. आठ होते. परत लावताना सातच सापडले. ती म्हणाली, मामा, एक कमी आहे. मामा म्हणाला, असू दे गं, कंपनीवाले एखादा जास्तच घालतात.

तीन दिवस फोन बरा चालला. मग वायर काढली की मान टाकू लागला. सिमकार्डाचा ट्रेसुद्धा असा रुतून बसला की हलेना. बाबांनी मग मामाचा फोन लावून पाहिला होता म्हणे, पण तो होता बंद खोलीत, आवाज बंद करून ठेवलेला.

ती खोली म्हणजे एक कोडंच होतं. दार कायम बंद. आतून घूं असा आवाज, दिवसभर, थांबायचं नाव नाही. मामा म्हणायचा, ऑफिसचं काम आहे, आत यायचं नाही, धूळ जाते. सकाळी ऑम्लेट-पाव करून द्यायचा, तिच्या केसांवरून हात फिरवायचा आणि आत गडप व्हायचा. मोजपट्टी बाहेरच्या खोलीत एकटीच बसायची. आदल्या मंगळवारी तर ती दिवसभरात सव्वीस शब्द बोलली होती. तेही तिने मोजले होते.

वीज गेल्यावर ती जिन्यात आली. खाली सगळी इमारत जमली होती. पाणी चढवायचा पंप चारला सुरू झाला की इमारतीचं मुख्य बटण खाडकन पडायचं, हे गेला महिनाभर जवळजवळ रोजचं झालं होतं. इमारतीचे वायरमनकाका आले, बटण वर केलं आणि नेहमीसारखं खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंवर खापर फुटलं. तुमच्या इस्त्रीमुळे होतं, असं सगळे म्हणाले. दुपारी तीननंतर इस्त्री लावायची नाही, असं ठरूनही गेलं. काकू घरात जाऊन पुन्हा शिवायला बसल्या. त्यांची दोन मुलं मात्र रागाने लालबुंद झाली होती.

थोरल्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याच्या तोंडाचा पट्टा झोपेतही चालू असे. धाकटी टिचकी, वय वर्षं आठ, हाताला येईल त्या वस्तूला टिचकी मारणारी. दोघं मोजपट्टीला जिन्यात बरेचदा दिसली होती, पण आपणहून बोलायला जाणं तिला जमलं नव्हतं. आज रेडिओच तिच्याशेजारी येऊन बसला आणि सांगू लागला, की आईने आज इस्त्री लावलीच नव्हती, कोट हाताने शिवत होती, देवाशप्पथ.

"मग हे मोजता येईल," मोजपट्टी म्हणाली.

"कसं?" रेडिओने विचारलं.

जिन्याखाली मीटरचं काचेचं कपाट होतं. प्रत्येक घराचं मीटर वेगळं आणि त्यावर एक इवलासा लाल दिवा लुकलुकायचा. वायरमनकाकांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, तो जितका भराभर लुकलुकेल तितकी वीज जास्त जातेय, बघा खुशाल, पण कपाट उघडायचं नाही. पोरं खेळतायत, असं त्यांना वाटलं असणार.

सोमवारपासून तिघांनी पहारा बसवला. रेडिओ घड्याळ धरायचा, मोजपट्टी मोजायची, टिचकी वहीत लिहायची. बहुतेक घरांचे दिवे मिनिटाला दहा-बारा वेळा लुकलुकत. शिंपीणकाकूंची इस्त्री तापत असली की पन्नासच्या घरात, इस्त्री थांबली की पुन्हा सात-आठ. आणि एक मीटर होतं, ते मिनिटाला एकशे सत्तर! सकाळी एकशे सत्तर, दुपारी एकशे सत्तर, अगदी रात्रीसुद्धा एकशे सत्तर. दिवा लुकलुकतोय की थरथरतोय, तेच कळेना.

"कुणाचं आहे हे? भुताचं? खोट्या नोटांचा कारखाना?" रेडिओला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मोजपट्टीने मीटरवरचा घराचा नंबर वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. ते मामाचं घर होतं. ती म्हणाली, माझंच मोजणं चुकलं वाटतं, आणि सरळ वर निघून गेली.

पुढचे दोन दिवस ती खाली उतरलीच नाही. सांगितलं तर मामा तोंडघशी पडणार, आई चिडणार आणि आपण जायचं कुठे? नाही सांगितलं तर काकूंवरचा आळ तसाच राहणार, आणि रविवारी चारला पुन्हा वीज जाणार. बाबा वाट पाहतील, उत्तर येणार नाही, मग समजूतदार पोरीचं काय, ती मजेतच असते, असं म्हणून सही करून टाकतील. आईचा फोन आला तेव्हा तिने बोलायला तोंड उघडलंही होतं. पण मामा शेजारीच उभा होता. ती पुन्हा 'मजेत' एवढंच म्हणाली, आणि मोरीत जाऊन रडली.

शनिवारी दुपारी दार वाजलं. बाहेर टिचकी, हातात वही.

"तुझं मोजणं चुकत नाही," टिचकी म्हणाली. "खरं सांग."

मोजपट्टीने दोघांना सगळं सांगितलं. मीटर, खोली, बोट, सही. रेडिओने मधे एकदाही तोंड घातलं नाही, यावरून काय ते समजा. शेवटी तो म्हणाला, मामाशी आधी बोलायला हवं. पण बोलणार कसं? दार ठोठावून हात दुखले असते, तरी त्या घूंघूंत मामाला काही कळलं नसतं.

"मामा हाकेला येत नाही," मोजपट्टी म्हणाली. "पण वायफाय बंद पडलं की पाच सेकंदांत येतो."

रविवारी तीन वाजता, मोठं माणूस सोबत हवं म्हणून, वायरमनकाकांना रेडिओ ओढत घेऊन आला. मोजपट्टीने वही त्यांच्या हातात दिली. पहिलं पान वाचताना ते हसत होते, तिसऱ्या पानावर त्यांचं हसू मावळलं. मग मोजपट्टीने वायफायच्या डब्याची पिन उपटली आणि मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. दार धाडकन उघडलं.

"नेट कुणी घालवलं?" म्हणत मामा बाहेर आला, घामाने निथळत. त्याच्यामागून भट्टीसारखी गरम हवा आली.

आत लोखंडी मांडणीवर कॉम्प्युटरचे उघडे सांगाडे ओळीने मांडले होते आणि पंखे जीव खाऊन फिरत होते. मोजपट्टीने मोजले, चोवीस पंखे. मामाने खाली मान घालून सांगितलं, की हे क्रिप्टोचं मायनिंग. यंत्रांनी दिवसरात्र अवघड गणितं सोडवायची आणि सुटली तर आभासी नाणी मिळायची. एक यंत्र लावलं होतं, मग दुसरं, मग मोजायचंच सोडून दिलं. वायरमनकाकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते जमिनीवर बसून एका एक्स्टेन्शन बोर्डाकडे बघत होते. सगळी यंत्रं त्या एकाच बोर्डावर लटकलेली, आणि त्याचं प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलं होतं.

काकांनी उठून त्या खोलीची वीज आधी तोडली. मग ते मामाला म्हणाले, "एवढ्या भारावर पंप लागला की बटण पडणारच. अजून एक आठवडा, आणि हे पेटलं असतं. भिंतीपलीकडे ही पोर झोपते ना?"

मामाने त्या भिंतीला हात लावून पाहिला. घूं थांबलं होतं. वीज असताना घर इतकं शांत मोजपट्टीने पहिल्यांदाच ऐकलं.

आता चारला वीज जाणार नव्हती. मोजपट्टीने फोन टेबलावर नीट ठेवला, वायर तपासली आणि खुर्ची ओढली. तेवढ्यात टिचकीने सवयीने फोनला एक टिचकी मारली, आणि फोन गरकन फिरला! सपाट वस्तू अशी फिरत नाही. टिचकी वाकून बघायला लागली. फोनचं पोट फुगलं होतं.

काका ओरडले, वायर काढ आधी! बॅटरी फुगली होती, कधीही पेट घेतला असता. वायर निघाली, पडदा काळा झाला. साडेतीन वाजले होते. मोजपट्टी त्या काळ्या पडद्याकडे नुसती बघत राहिली. आठवडाभर मोजून मापून सगळं जमवलं होतं, आणि आता हे.

"चल," मामा म्हणाला. त्याने फोन एका स्टीलच्या डब्यात ठेवला, डबा स्वतः उचलला आणि सगळे कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात धावले.

दुरुस्तीवाल्या ताईने एक नजर टाकून मुलांना लांब उभं केलं. हातमोजे घातले, पाठ उचलली, धातूचं काही न लावता प्लास्टिकच्या पातळ पट्टीने बॅटरी सोडवली आणि वाळूच्या बादलीत टाकली. बॅटरीखालून कागदावर काहीतरी पडलं. तांदळाच्या दाण्याहून लहान, चकचकीत.

"हा बघा गुन्हेगार," ताई म्हणाली. "स्क्रू खाली राहिला आणि बॅटरीला टोचत बसला. कुणी केला हा उद्योग?"

मामाने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. फुगवटा गेल्यावर सिमचा ट्रेही सुटला होता. पण या फोनला आज जीव येणार नव्हता, नवी बॅटरी मंगळवारी मिळणार होती. भिंतीवरच्या घड्याळात चारला सहा मिनिटं कमी होती. मामाने खिशातून स्वतःचा फोन काढला. दिवसभर ज्यावरचे आकडे बघत बसायचा, तोच. त्यातलं स्वतःचं सिम काढून त्याने ताईपुढे ठेवलं आणि म्हणाला, हिचं घाला यात.

चार वाजले. चार वाजून एक मिनिट झालं. रस्त्यापलीकडे त्यांच्या इमारतीत पंप सुरू झाल्याचं ऐकू आलं, आणि तो मधेच बंद पडला नाही, वीज गेली नाही. चार वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला.

"हॅलो? लागला बुवा! कशी आहेस?"

मोजपट्टीच्या ओठांवर नेहमीचा शब्द आलाच होता. तिने तो गिळला.

"मजेत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "मी एकटी असते. मला करमत नाही. तुम्ही परत या."

पलीकडून नुसता समुद्राचा आवाज येत राहिला. तिला वाटलं, पुन्हा तुटला. मग बाबांचा आवाज आला. ते म्हणाले, हे मागेच का नाही सांगितलंस गं. मग म्हणाले, सही करत नाही, महिनाअखेर घरी येतो. उरलेली मिनिटं दोघं काय बोलले ते कुणी ऐकलं नाही, कारण रेडिओने सगळ्यांना दुकानाबाहेर हाकललं होतं.

संध्याकाळी वायरमनकाकांनी जिन्यात सगळ्यांना बोलावलं. शिंपीणकाकूंची हात जोडून माफी मागितली, वही उंच धरली आणि म्हणाले, तीस वर्षं मी बटणं वर करतोय, पण का पडलं ते मोजून पाहायचं या तीन पोरांना सुचलं. काकूंनी तिघांना जवळ घेतलं. मामानेही सगळ्यांसमोर चूक कबूल केली.

रात्रीचं जेवण झाल्यावर मामा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. तळहातावर तो स्क्रू होता.

"तू सांगितलं होतंस, एक कमी आहे म्हणून," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही. आता ऐकतो. आल्यापासून इतके दिवस काय केलंस, सांग."

मोजपट्टी बोटांवर दिवस मोजू लागली.

"पहिल्या दिवशी या घरातल्या फरश्या मोजल्या," ती म्हणाली. "तीनशे बारा आहेत."

"स्वयंपाकघर धरून?" मामाने विचारलं.

"धरून," ती म्हणाली, आणि दुसरं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.