विसरलेल्या वस्तूंची खिडकी

बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे ती बसायची. डोळ्यांवर जाड भिंगांचा, काळ्या फ्रेमचा चष्मा, पुढ्यात रजिस्टर, आणि पाठीमागे फडताळभर लोकांचा विसरभोळेपणा – छत्र्या, डबे, एकदा तर चक्क कवळी. चष्मा काढला की हातभर अंतरावरचा माणूसही तिला धुक्यासारखा दिसे.

एका भुरभुर पावसाच्या दुपारी ओल्या रंगाची पाटी सांभाळत एक जण सरळ आत शिरला.

"पाच मिनिटं... रंग वाहून जाईल."

"पाटीचा वाचेल. नाकावरच्याचं काय करणार आहात?"

त्याने नाक पुसलं. रंग गालावर आला. तिला हसू आवरेना.

तो पुलापलीकडचा पेंटर. पुलावरून गाड्या सुरू व्हायच्या होत्या, म्हणून डेपोतल्या पाट्या दोन्हीकडच्या लिप्यांत रंगवायचं दोन महिन्यांचं काम त्याला मिळालं होतं. पलीकडच्यांबद्दल तिने ऐकलं होतं पुष्कळ, बघत होती मात्र पहिल्यांदाच. त्यामुळे ती बघतच राहिली... जरा जास्तच.

पाऊस थांबला आणि तो न बोलता निघाला.

"तुमच्यात जाताना 'येतो' म्हणत नाहीत का हो?"

"तोंडाने नाही म्हणत," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल होऊन गेला.

खुर्चीवर त्याचा मफलर राहिला होता.

आता तिच्या घरचं वळण असं, की दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली तर वडिलांच्या घशाखाली घास उतरत नसे. जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. वस्तू जपायची, होती त्याहून बरी करायची आणि आपल्या हाताने नेऊन द्यायची. त्या घरात माया दाखवायची हीच एक रीत होती. तिने मफलर धुतला, उसवलेली कड शिवली, इस्त्री केली आणि सकाळी त्याच्या शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"सही करा इथे."

त्याचा चेहरा पार उतरला. शिडीवरून घाईने उतरल्यामुळे असेल, असं तिला वाटलं.

तरी तो येत राहिला. पुढच्या आठवड्यात कंगवा राहिला, नंतर टोपी. तिने कंगवा घासून लखलखीत केला, टोपीला नवं अस्तर लावलं.

"फारच बाई विसराळू तुम्ही."

"घरी कधीच नाही विसरत," तो म्हणाला. "इथेच..."

"इथेच काय?"

"काही नाही. सही कुठे करू?"

रात्री जेवताना तिने हे हसत सांगितलं. वडील हसले नाहीत. "पलीकडची माणसं ती. पाट्या संपल्या की ते त्यांच्या घरी, आपण आपल्या घरी. समजलं?" समजलं होतं, म्हणूनच भाजी अळणी लागत होती.

शेवटची पाटी लागली त्या दुपारी खिडकीशी एक बाई आली. कपाळ थेट त्याचंच.

"मी त्याची मोठी बहीण, न्यायला आलेय त्याला. मफलर, कंगवा, टोपी – तिन्ही परत करणारी तूच ना?"

"हो. का? काही फाटलं होतं का?"

"उलट नवं करून दिलंस. एवढ्या टापटिपीने नाही म्हणणारी मुलगी आमच्याकडे झाली नाही."

"मी कुठे नाही म्हटलं?"

बहीण खिडकीतून पुढे वाकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, परत यायचं असेल तिथे आम्ही आपली वस्तू ठेवून जातो. समोरच्याने ठेवून घेतली तर ये. परत दिली तर येऊ नकोस. तीनदाच विचारायचं असतं. पुढच्या आठवड्यात आई त्याला दुसऱ्या एका घरी नेणारेय. तिथे ठेवायला मफलर काढून ठेवलाय तिने. तू शिवलेला."

तीन सह्या. रजिस्टरमध्ये ओळीने होत्या. तिने इस्त्री करकरून त्याला घालवला होता.

बाहेर पुलावरून जाणारी पहिली गाडी घरघरत होती. ती उठून धावली आणि गाडीत चढली; मागोमाग चढलेली बहीण पुढच्या सीटवर जाऊन बसली. तो खिडकीपाशी बसला होता, मांडीवर ब्रशांचा डबा. ती शेजारी टेकली.

"माझं काही राहिलं का?" त्याने विचारलं. "सही करायला पेन नाहीये."

"नाही. सहज आले."

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला. त्याचा चेहरा विरघळला. उरला फक्त गालावरचा निळा ठिपका. चष्मा तिने सीटवर ठेवला आणि उठली. 'येते' म्हणाली नाही.

"अहो, तुमचा चष्..." तो म्हणाला. आणि थांबला.

ती चाचपडत उतरली. गाडी हलली. आता त्याने हाक मारली, चष्मा खिडकीतून पुढे केला, तर सगळं संपलं. हाक नाही आली. गाडी फाटकाशी पोचली, वळली... ब्रेकचा आवाज काही येईना.

"अगं, चष्मा राहिला तुझा," तिकीट खिडकीवरच्या मावशी म्हणाल्या. "पुढच्या स्टॉपला फोन करू?"

"राहू दे, मावशी."

"राहू दे काय? घरी जाशील कशी?"

"भिंत धरून. आणि बाबांना सगळं सांगेन."

ती जागेवर जाऊन बसली, कागदाला नाक टेकवून रजिस्टरमध्ये लिहू लागली: काळ्या फ्रेमचा चष्मा, एक. पुलापलीकडच्या गाडीत. मालक – मी.

'परत केल्याची तारीख' या रकान्यात तिने 'नको' असं लिहिलं, आणि खाली सही केली.